विश्लेषण : शाळेच्या फलकावर नाव झळकले, पण शिष्यवृत्ती खात्यात आली का? ‘एनएमएमएस’चा चार वर्षांचा प्रवास कसा असतो?

निकाल लागला की माध्यमिक शाळेच्या फाटकावर फ्लेक्स चढतो. ‘एनएमएमएस परीक्षेत विद्यालयाचे घवघवीत यश’ असे वर मोठ्या अक्षरांत, मध्ये विद्यार्थ्यांचे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि खाली मार्गदर्शक शिक्षकांची नावे. तोच फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, स्थानिक पानावर चार ओळींची बातमी येते, गुलाबपुष्प देऊन सत्कार होतो. हे कौतुक रास्तच आहे. यामागे पहाटेचे जादा तास असतात, सुट्टीतल्या सराव चाचण्या असतात.

मात्र फ्लेक्सवरचा आकडा हा फक्त पहिल्या दिवसाचा हिशेब असतो. ही शिष्यवृत्ती नववी ते बारावी अशी चार वर्षांची आहे आणि ती दरवर्षी नव्याने अर्ज करून टिकवावी लागते. ही योजना नेमकी काय आहे, यादीत नाव येणे आणि पैसे मिळणे यांत अंतर का पडते आणि शाळा त्यात काय करू शकतात, ते पाहू.

एनएमएमएस म्हणजे काय?

‘नॅशनल मीन्स कम मेरिट स्कॉलरशिप’ ही केंद्र सरकारची योजना मे २००८ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती ‘राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती’ या नावाने ओळखली जाते. आठवीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन देशभरातून दरवर्षी एक लाख जणांची निवड होते. राज्यात ही परीक्षा पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

सुरुवातीला शिष्यवृत्ती वर्षाला ६ हजार रुपये होती. १ एप्रिल २०१७ पासून ती १२ हजार, म्हणजे महिन्याला एक हजार रुपये झाली. चारही वर्षे मिळाली तर एका विद्यार्थ्याला एकूण ४८ हजार रुपये मिळतात. २०२२ मध्ये केंद्राने योजना २०२५-२६ पर्यंत पुढे चालू ठेवताना पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीड लाखावरून साडेतीन लाखांवर नेली. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र तेव्हा आहे तीच ठेवली.

आठवीनंतरच ही शिष्यवृत्ती का?

योजनेचा उद्देशच आठवीनंतरची गळती रोखणे हा आहे. यामागचे कारण समजून घेण्यासाठी आठवी आणि नववी यांच्यामधली रेषा पाहावी लागते. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाला आठवीपर्यंतच्या मोफत शिक्षणाची हमी देतो. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. सरकारी व अनुदानित शाळांत मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंतच येतात. नववीत पाऊल टाकताच दुपारची खिचडी बंद होते आणि पुस्तकांचा, वह्यांचा खर्च घरावर येतो. अनेक गावांत नववीची शाळा दूर असते. मग एसटीचा पास किंवा सायकल लागते. याच वयात मुलगा कामाला हातभार लावण्याजोगा होतो आणि मुलीच्या बाबतीत घरात वेगळीच चर्चा सुरू होते.

देशाच्या ‘यूडायस प्लस’ आकडेवारीत ही रेषा स्पष्ट दिसते. २०२४-२५ च्या अहवालानुसार गळतीचे प्रमाण तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर २.३ टक्के, सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ३.५ टक्के, तर नववीपासूनच्या माध्यमिक टप्प्यावर ८.२ टक्के आहे. म्हणजे आठवीचा उंबरठा ओलांडला की गळती दुपटीहून अधिक होते. महिन्याचे हजार रुपये मोठी रक्कम वाटत नसली, तरी ती नेमक्या या उंबरठ्यावर मिळते, हे तिचे मोल.

परीक्षेला कोण बसू शकते?

विद्यार्थी सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत नियमित शिकत असावा. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ५० टक्के आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे.

विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा, केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि सैनिकी शाळांतील विद्यार्थ्यांना या परीक्षेला बसता येत नाही. सरकारी वसतिगृहात राहून भोजन, निवास आणि शिक्षणाची सवलत घेणारेही अपात्र ठरतात. त्यामुळे या परीक्षेतले यश हे बहुतांशी जिल्हा परिषद, नगरपालिका आणि गावोगावच्या अनुदानित माध्यमिक विद्यालयांचे यश असते. महागड्या शिकवण्या नसलेली मुले इथे शाळेतल्या सरांच्या आणि मॅडमच्या जादा तासांवरच उतरतात.

परीक्षेत काय विचारतात?

साधारणपणे डिसेंबरमध्ये एकाच दिवशी दोन पेपर होतात. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा आणि दुसरा शालेय क्षमता चाचणीचा. दोन्हींत ९० प्रश्न, ९० गुण आणि ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट.

बौद्धिक चाचणीत संख्यामाला, समसंबंध, वर्गीकरण, सांकेतिक भाषा, आकृत्या असे घटक असतात. उदाहरणार्थ ३, ७, १५, ३१ यानंतर कोणती संख्या? प्रत्येक संख्येची दुप्पट करून एक मिळवला की पुढची मिळते, म्हणून उत्तर ६३. हे शाळेच्या पाठ्यपुस्तकात थेट शिकवले जात नाही, त्यामुळे शिक्षकांना वेगळी तयारी करून घ्यावी लागते. शालेय चाचणी सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावर असते. त्यात सामान्य विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० गुणांना असते. उत्तरपत्रिका ओएमआर पद्धतीची असते, म्हणजे योग्य वर्तुळ रंगवायचे.

उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही पेपरमध्ये स्वतंत्रपणे ४० टक्के, म्हणजे ९० पैकी ३६ गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा ३२ टक्के, म्हणजे २९ गुण आहे. एका पेपरमध्ये ७० आणि दुसऱ्यात ३० गुण मिळाले, तर बेरीज शंभर होऊनही सर्वसाधारण गटातला विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो.

‘उत्तीर्ण’ आणि ‘निवड’ यांत फरक काय?

फ्लेक्स वाचताना सर्वाधिक गल्लत इथेच होते. ३६-३६ गुण मिळवणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण ठरतो. शिष्यवृत्ती मात्र ठरावीक कोट्यानुसार मिळते. महाराष्ट्रासाठी हा कोटा ११,६८२ इतका आहे. राज्यांचा कोटा सातवी-आठवीतील पटसंख्या आणि त्या वयोगटातील मुलांची लोकसंख्या यांवरून ठरतो. राज्याच्या कोट्याची पुढे जिल्ह्यांत आणि सामाजिक प्रवर्गांत विभागणी होते आणि गुणवत्तेनुसार निवड यादी लागते. त्यामुळे एका जिल्ह्यात ज्या गुणांवर निवड झाली, तेवढेच गुण शेजारच्या जिल्ह्यात कमी पडू शकतात.

म्हणून ‘२५ विद्यार्थी उत्तीर्ण, ७ शिष्यवृत्तीधारक’ अशा दोन आकड्यांचा अर्थ वेगळा आहे. उरलेल्या १८ जणांचे कष्ट वाया गेले असे नाही. पण त्यांच्या पालकांनी शिष्यवृत्तीचे पैसे धरून खर्चाचा हिशेब केला तर निराशा ठरलेली.

उत्तीर्ण होऊनही निवड न झालेल्यांपैकी मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा समाजातील विद्यार्थ्यांसाठी राज्यात छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम महिन्याला ८०० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये आहे. निवड यादीत नाव नाही म्हणून फाइल बंद करण्याआधी शाळांनी ही यादीही तपासायला हवी.

निवड झाल्यावर पैसे आपोआप येतात का?

नाही. परीक्षा घेते परीक्षा परिषद, पण पैसे येतात केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलमार्फत. निवड यादीत नाव आले, तरी नववीत गेल्यावर विद्यार्थ्याला या पोर्टलवर स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अर्ज नाही, तर शिष्यवृत्तीही नाही.

समजा, एका गावातली मुलगी आठवीत निवडली गेली. वडील शेतमजूर, आई घरी शिवणकाम करते. सत्कार झाला, पेढे वाटले. जूनमध्ये ती नववीत गेली. आता तिला पोर्टलवर आधी ‘वन टाइम रजिस्ट्रेशन’ करायचे आहे. आधारच्या आधारे मिळणारा हा १४ अंकी क्रमांक पुढची सगळी वर्षे वापरायचा असतो. नोंदणी केलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मग अर्ज भरायचा आणि तो मुदतीत सादर करायचा.

अर्ज सादर झाला की पडताळणीचे दोन टप्पे असतात. पहिला शाळेच्या पातळीवर, शाळेच्या नोडल अधिकाऱ्याकडून. दुसरा जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याकडून. या दोन्ही टप्प्यांना स्वतंत्र मुदत असते. विद्यार्थिनीने वेळेत अर्ज भरला, पण शाळेने तो मुदतीत पडताळला नाही, तर तो तिथेच अडकतो. अर्जात त्रुटी आढळल्यास तो दुरुस्तीसाठी परत येतो. तो परत आल्याचे घरी कुणाला कळलेच नाही, तर दुरुस्तीची तारीख निघून जाते.

हे सगळे पुढच्या वर्षी पुन्हा करायचे. दहावी, अकरावी आणि बारावीत दरवर्षी ‘नूतनीकरण’ अर्ज भरावा लागतो. नाव एकदा लागते, अर्ज मात्र चार वेळा.

‘आधार लिंक आहे’ म्हणजे नेमके काय?

दोन्ही पडताळण्या पूर्ण झाल्या की रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. इथे एक तांत्रिक बाब समजून घेण्यासारखी आहे. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स देऊन केवायसी केले म्हणजे खाते शिष्यवृत्तीसाठी तयार झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजेच एनपीसीआयकडे एक नोंदवही असते. कोणत्या आधार क्रमांकाचे पैसे कोणत्या बँकेकडे पाठवायचे, हे त्यात लिहिलेले असते. खाते या नोंदवहीत जोडलेले असणे म्हणजे ‘आधार सीडिंग’. एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकच बँक असते. टपालाच्या पत्त्यासारखेच हे आहे. घरे दोन असली, तरी पत्र जाते ते नोंदवलेल्या पत्त्यावरच. त्यामुळे विद्यार्थिनीची दोन खाती असतील, तर पैसे अर्जासोबत पासबुक जोडलेल्या खात्यात न येता दुसऱ्याच खात्यात गेल्याचे आढळू शकते. कोणत्याच बँकेचे सीडिंग नसेल, तर रक्कम जमाच होत नाही.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि निवड यादीत तिसरे, असा प्रकार मराठी नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सहज घडतो. कुठे वडिलांचे नाव मधे येते, कुठे गळते. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. म्हणून परीक्षेचा अर्ज भरतानाच, म्हणजे आठवीच्या पहिल्या सहामाहीतच, आधार आणि रजिस्टर ताडून पाहणे सोपे पडते.

दहावीनंतर काय बदलते?

चार वर्षांतला सर्वांत अवघड वळणाचा टप्पा हाच. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत जाताना पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणे पुरेसे असते. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी मात्र दहावीत किमान ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ५५ टक्के आहे. ५८ टक्के मिळवून दहावी उत्तीर्ण झालेला सर्वसाधारण गटातला विद्यार्थी घरच्यांच्या दृष्टीने पास असतो. शिष्यवृत्तीतून मात्र तो बाहेर पडतो. ही अट निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा नववीच्या पहिल्या दिवशी माहीत असणे चांगले.

दुसरा मुद्दा शाळा बदलण्याचा. अनेक माध्यमिक विद्यालये दहावीपर्यंतच असतात. अकरावीला विद्यार्थी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जातो. आता त्याच्या अर्जाची पडताळणी नव्या संस्थेला करायची असते. जुन्या शाळेतल्या सरांना तो विद्यार्थी माहीत होता, नव्या महाविद्यालयाच्या कार्यालयात तो शेकडो अर्जांपैकी एक असतो. तो एनएमएमएसधारक आहे, हे तिथे कुणाला ठाऊक नसते. त्याला स्वतःलाच सांगावे लागते.

तिसरा मुद्दा अभ्यासक्रमाचा. ही शिष्यवृत्ती नववी ते बारावीच्या शालेय शिक्षणासाठी आहे. दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला प्रवेश घेतला, तर ती पुढे चालत नाही. पॉलिटेक्निक हा चुकीचा निर्णय आहे असा याचा अर्थ नाही. पण घरात निर्णय होत असताना उरलेले २४ हजार रुपये मिळणार नाहीत, हे गणितात धरलेले असावे.

योजनेचे आकडे काय सांगतात?

एक साधा हिशेब मांडून पाहता येतो. दरवर्षी एक लाख विद्यार्थी निवडले जातात आणि प्रत्येकाला चार वर्षे लाभ मिळतो. म्हणजे सगळ्यांनी शिष्यवृत्ती टिकवली, तर कोणत्याही वर्षी चार लाख लाभार्थी असतील. प्रत्येकी १२ हजार रुपयांप्रमाणे वर्षाला ४८० कोटी आणि पाच वर्षांत २,४०० कोटी रुपये लागतील.

२०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी मंजूर झालेली तरतूद १,८२७ कोटी रुपयांची आहे. पूर्ण गरजेच्या ही साधारण ७६ टक्के. याचा सरळ अर्थ इतकाच, की दिलेले सगळे एक लाख विद्यार्थी चारही वर्षे पोहोचतील, असे तरतूद करतानाच गृहीत धरलेले दिसत नाही. काही जागा भरणार नाहीत, काही विद्यार्थी ६० टक्क्यांच्या अटीत अडकतील, काहींचे नूतनीकरण राहील. यांतले गुणांमुळे किती आणि निव्वळ अर्ज राहिल्यामुळे किती, हा फरक महत्त्वाचा आहे. पहिले नियमानुसार घडते. दुसरे टाळता येते.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर ११,६८२ विद्यार्थ्यांच्या एका तुकडीची वर्षाची रक्कम १४ कोटींहून थोडी अधिक होते. चारही तुकड्या धरल्या, तर वर्षाला सुमारे ५६ कोटी रुपये राज्यातल्या गरजू घरांत येऊ शकतात.

शाळांना काय करता येईल?

यासाठी वेगळा निधी लागत नाही, एक वही लागते. निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, रजिस्ट्रेशन क्रमांक, पालकांचा चालू मोबाइल, आधार सीडिंग झालेली बँक आणि चार वर्षांसाठी चार रकाने : अर्ज भरला, शाळेने पडताळला, जिल्ह्याने पडताळला, रक्कम जमा झाली. हे रकाने वर्षातून दोनदा तपासले, तरी बहुतेक अडचणी मुदतीच्या आत लक्षात येतात. मोबाइल क्रमांकाचा रकाना विशेष महत्त्वाचा, कारण रिचार्ज संपून बंद पडलेल्या क्रमांकावर ओटीपी येत नाही.

दहावी उत्तीर्ण होऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती दाखल्यासोबत निवड यादीची प्रत आणि रजिस्ट्रेशन क्रमांक लिहिलेला कागद दिला, तर नव्या महाविद्यालयात त्याचे काम निम्मे होते. पालकसभेत उत्पन्नाचा दाखला, बँक खाते आणि ६० टक्क्यांची अट यांवर दहा मिनिटे बोलले, तरी पुरते.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

पोर्टल साधारणपणे शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत सुरू होते. शाळेतून निरोप येण्याची वाट न पाहता जूनमध्येच विचारणा करावी. खाते मुलाच्या स्वतःच्या नावावर असावे आणि बँकेत ‘आधार जोडले का’ एवढेच न विचारता ‘एनपीसीआयला सीडिंग झाले का’ असे विचारावे. अर्ज भरल्यावर त्याची प्रिंट घरी ठेवावी. महिनाभराने पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहावी. तो शाळेकडे थांबला आहे की जिल्ह्याकडे, हे तिथे दिसते आणि मग कोणाला भेटायचे तेही कळते.

मग यश मोजायचे कसे?

सध्याच्या फ्लेक्सवर एकच आकडा असतो, यंदा किती विद्यार्थी निवडले गेले. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहिता येईल : चार वर्षांपूर्वी निवडलेल्यांपैकी किती जणांना बारावीपर्यंत शिष्यवृत्ती मिळाली. पहिला आकडा शिक्षकांनी परीक्षेची तयारी किती चांगली करून घेतली ते सांगतो. दुसरा सांगतो की ज्या गळतीसाठी ही योजना आहे, ती त्या गावात थांबली की नाही.

फ्लेक्सवरची मुलगी बारावीला असते तेव्हा तो फ्लेक्स कधीच उतरलेला असतो. शाळेच्या वहीत तिचे चारही रकाने भरलेले असतील, तर ते यश तिच्याइतकेच शाळेचेही म्हणता येईल.